महापालिकेच्या माध्यमिक शाळेसाठी करिअर मार्गदर्शनाचं सॉफ्टवेअर: डेमोत नेमकं काय तपासावं?

हडपसर_माध्यमिक

पुणे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक विद्यालयासाठी विचारते आहे. ८वी ते १०वी, पट ३४०. लॅबमध्ये २० पैकी १४ संगणक चालू, एक ब्रॉडबँड जोडणी, एक काळा-पांढरा प्रिंटर. पूर्णवेळ समुपदेशक नाही. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून दोन वर्षांचा परवाना घेता येईल असं दिसतंय. दोन विक्रेत्यांचे डेमो पाहिले. दोघांचाही भर चाचणीवर आणि वीस-बावीस पानी रंगीत अहवालावर होता.

विचारायचं आहे ते असं:
१) चाचणी भरवशाची आहे का, हे शाळेनं कसं ओळखायचं?
२) १४ संगणकांवर ३४० मुलांचं वेळापत्रक कसं बसवायचं?
३) सरकारी पोर्टलं फुकट असताना पैसे कशासाठी मोजायचे?
४) करारात काय लिहून घ्यायचं?

आमची बरीच मुलं घरातली पहिलीच दहावी होणारी आहेत, त्यामुळे चुकीचा सल्ला महागात पडेल. कृपया नेमकं सांगा.

---

मानसमापन_पुणे

मॅडम, पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

विक्रेत्याकडे अहवालाचा नमुना मागू नका, चाचणीची तांत्रिक पुस्तिका मागा. तीत तीन गोष्टी शोधा: मानकं (मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडे) कोणत्या मुलांवर ठरवली, कोणत्या साली, आणि कोणत्या भाषेत. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांतल्या मुलांवर मानकं ठरवून नंतर मराठी भाषांतर केलं असेल, तर तुमच्या मुलाचा शेकडेवारीतला क्रम दुसऱ्याच मुलांच्या रांगेत लागतो. विश्वसनीयता गुणांक, म्हणजे चाचणीचा निकाल किती स्थिर आहे हे सांगणारा आकडा, ०.७०च्या खाली असेल तर एकेका मुलाचा निर्णय त्यावर घेऊ नये. पुस्तिकाच नसेल तर तिथेच थांबा.

बाजारातल्या बऱ्याच आवड-चाचण्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या असतात. अमेरिकी कामगार खात्याच्या ओ-नेट या व्यवसाय-माहिती प्रकल्पाची ६० प्रश्नांची चाचणी खुली आहे, तिच्या वापराच्या अटी पाळून तीच थोडी बदलून कुणी विकत असेल तर त्यात बेकायदा काही नाही. अडचण प्रश्नांची आहे. तिचे पहिले दोन प्रश्न स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं आणि विटा किंवा फरशी बसवणं, हे काम आवडेल का, असे आहेत. ज्या मुलाचे वडील गवंडीकाम करतात तो 'विटा बसवणं' वाचून आवड सांगत नाही, घरातली दमणूक आठवून 'नाही' म्हणतो. मग हातानं काम करण्याचा त्याचा गुण खाली येतो आणि अहवाल त्याला आयटीआयपासून, पॉलिटेक्निकपासून लांब नेतो. यंत्र उघडून दुरुस्त करायला त्याला मनापासून आवडत असेल, तरीही. मुलींच्या बाबतीत असाच घोळ कच्च्या, म्हणजे मानकांशी न ताडलेल्या गुणांमुळे होतो. मुलगे-मुली एकाच मोजपट्टीवर धरले की मुली सेवा आणि शिक्षणाकडे, मुलगे यंत्रांकडे ढकलले जातात. मुलींची मानकं वेगळी आहेत का, हे नाव घेऊन विचारा.

आणखी एक तपासणी, फुकट आणि पक्की: डेमो खात्यावर सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर द्या. सगळे गुण सारखे आल्यावर प्रामाणिक सॉफ्टवेअर सांगतं की यातून निष्कर्ष निघत नाही. तरीही 'तुमची पहिली तीन क्षेत्रं' छापून आली, तर त्या यंत्राला नाही म्हणता येत नाही हे उघड आहे.

नंतर ८वी-९वीतली १२ ते १५ मुलं निवडा, त्यात वाचनात मागे पडणारी तीन-चार हवीतच. चाचणी द्या, तीन आठवड्यांनी तीच पुन्हा द्या. एक तृतीयांशाहून जास्त मुलांची पहिली तिन्ही क्षेत्रं बदलली तर तो अहवाल पालकांच्या हातात देऊ नका. बसल्या बसल्या मुलांना शब्दही विचारा. 'विश्लेषण', 'संकल्पना', 'लेखापरीक्षण' म्हणजे काय? अर्थ कळला नाही की मूल मधला पर्याय टिचकवतं, आणि तो गुण म्हणून मोजला जातो.

राज्य मंडळानं २०१६पासून दहावीसाठी घेतलेली कल चाचणी आठवत असेल. सात क्षेत्रं होती, आणि सुरुवातीला ती आवड सांगायची, क्षमता नव्हे. हा फरक पालकसभेत फळ्यावर लिहून सांगावा लागतो.

---

लॅब_धनकवडी

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब. ३४० भागिले १४, म्हणजे २५ बॅचेस. लॉगिनला ८ ते १० मिनिटं, ६० प्रश्नांना १५ ते २०. म्हणजे ३५ मिनिटांच्या तासिकेत एक बॅच जेमतेम बसते. रोज एक तासिका मिळाली तर पाच आठवडे. आवडीसोबत क्षमतेच्या चाचण्या घेतल्या तर मुलामागे तीन तासिका लागतात, आणि ते काम एका सत्रात संपत नाही. क्षमता चाचणी फक्त ९वीला ठेवा. 'घरी मोबाईलवर करा' हा पर्याय घेऊ नका, उत्तरं मोठा भाऊ भरतो.

लॅबमध्ये अडतं ते हे:

ओटीपी. नंबर पालकांचा, फोन पालकांबरोबर कामावर. त्यात निम्मे नंबर बदललेले. लॉगिन ओटीपीशिवाय, शाळेनं दिलेल्या नाव-पासवर्डवर चाललं पाहिजे.

एकच आयपी. १४ संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. एकदम लॉगिन झालं की काही सर्व्हर ते रोबोट समजून अडवतात. डेमो विक्रेत्याच्या लॅपटॉपवर बघू नका, आपल्या लॅबमध्ये १४ संगणकांवर एकाच मिनिटाला लॉगिन करून बघा.

वेळेची चाचणी चालू असताना नेटची वायर काढा. घड्याळ थांबतं का? वायर परत लावल्यावर मूल त्याच प्रश्नावर येतं की पहिल्यावर? लोडशेडिंग नसलं तरी राउटर बंद पडतोच.

छपाई. पडद्यावर मराठी छान दिसतं आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात. 'विद्युत', 'तंत्रज्ञान', 'अर्हता', 'शिष्यवृत्ती' हे चार शब्द असलेलं पान छापून बघा. रंगीत गोलाकार आलेख काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर नुसते करडे येतात, म्हणून आकडे शब्दांत हवेत. बावीस पानं गुणिले ३४० म्हणजे ७,४८० पानं, टोनरचा खर्च शाळेच्या माथी. दोन पानांचा सारांश निघतो का ते विचारा.

आणि यादी अपलोड करताना जपा. सरल आयडी, म्हणजे राज्याच्या सरल प्रणालीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, १९ अंकी आहे. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि सांगतही नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच आकडे चिकटवा. नाहीतर एकाच शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आयडी सारखे होतात आणि एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जातो.

---

हडपसर_माध्यमिक

दोघांचेही आभार. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देऊन बघण्याची तपासणी आजच करते. शेजारच्या उर्दू माध्यमाच्या शाळेलाही याच परवान्यात घ्यावं असं निधी देणाऱ्यांचं म्हणणं आहे. आणि त्यांना वर्षाअखेरीस 'किती मुलांना लाभ' हा आकडा हवा आहे.

---

प्रवेश_खिडकी

उर्दूची अट आत्ताच घाला. उजवीकडून डावीकडे मजकूर, प्रश्न आणि अहवाल दोन्ही. नुसता मेनू उर्दूत असणं पुरत नाही.

लाभाचा आकडा 'चाचणी दिलेली मुलं' असा देऊ नका. 'सप्टेंबरअखेर कुठे ना कुठे प्रवेश घेतलेली दहावीची मुलं' असा द्या. माझ्या मते सॉफ्टवेअर निवडण्याची खरी कसोटीही तीच आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर 'इलेक्ट्रिशियन' लिहून आलं, पुढे काय? पुण्यातल्या मुलाला तिथून तीन वेगळ्या दारांवर जावं लागतं: अकरावीचा केंद्रीय प्रवेश, आयटीआयचा प्रवेश, आणि तंत्रशिक्षण संचालनालयाचा पदविका प्रवेश. तिन्हींचे अर्ज वेगळे, तारखा एकमेकींवर चढणाऱ्या. अकरावीचा अर्ज भरला म्हणजे आयटीआयचाही भरला, असा समज पालकांत सर्रास असतो.

म्हणून डेमोत चार गोष्टी विचारा आणि उत्तर पडद्यावर दाखवायला सांगा.

एक, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या अर्हतेतला फरक. वेल्डर एक वर्षाचा, ८वी उत्तीर्णही चालतो. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, दहावीला विज्ञान-गणित लागतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींपुढे नुसतं 'आयटीआय' असेल तर माहिती वरवरची आहे.

दोन, पुढचे जिने. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कला शाखेनं अकरावी-बारावी केली तर बारावीनंतर थेट अभियांत्रिकीला जाता येत नाही. पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी लागते, हे दहावीनंतर थांबणाऱ्या मुलाला आधी कळलं पाहिजे. हे नकाशासारखं दिसायला हवं, परिच्छेदात लपलेलं नको.

तीन, अकरावीचे नियम. २०२५-२६पासून ही प्रक्रिया सबंध राज्यात ऑनलाइन झाली. नियमित फेरीत दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतं. 'नाव मोठं' म्हणून येरवड्याच्या मुलीनं शहराच्या दुसऱ्या टोकाचं महाविद्यालय पहिलं टाकलं की ती अडकते. अंतर आणि बसचा वेळ मांडल्याशिवाय पसंतीक्रम भरू देऊ नका.

चार, कागदपत्रं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून आठवण ९वीच्या दिवाळीनंतर आणि पुन्हा दहावीच्या डिसेंबरात पालकांच्या फोनवर मराठीत गेली पाहिजे. मनपा शाळेतून दहावीला ७० टक्के मिळवणाऱ्यांना महापालिकेची मौलाना अबुल कलाम आझाद शिष्यवृत्ती मिळते, १५,००० रुपये. ८वीतल्यांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती, ९वी ते १२वी वर्षाला १२,००० रुपये. परराज्यातल्या विक्रेत्याच्या शिष्यवृत्ती-यादीत यांतलं काही आहे का ते बघा.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात: व्यवसायांची माहिती फुकट मिळते, तिच्यासाठी पैसे देऊ नका. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे. राज्यानं युनिसेफच्या मदतीनं २०२०मध्ये महाकरिअर पोर्टल आणलं होतं, सरल आयडीवर लॉगिन होत असे. आज उघडतं का ते बघूनच वेळापत्रकात घ्या. एनसीईआरटी-सीबीएसईची 'तमन्ना' अभियोग्यता चाचणीही मोफत आहे, ९वी-१०वीसाठी, पण मराठीत नाही. पैसे द्यायचे तर मराठी चाचणी, तारखांची आठवण आणि मूलनिहाय पाठपुरावा यांसाठी.

---

करारनामा

चौथा प्रश्न. सगळ्यात जास्त नुकसान करणारं कलम मुदतीचं. परवाना शैक्षणिक वर्षाचा असतो, ३१ मार्चला किंवा एप्रिलअखेर संपतो. दहावीचा निकाल त्यानंतर, प्रवेश जून ते ऑगस्ट. म्हणजे मुलाला गरज असते तेव्हाच खातं बंद. दहावीच्या मुलांचं लॉगिन ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहील असं लिहून घ्या, वेगळं शुल्क न घेता.

दर प्रति विद्यार्थी असेल तर 'नोंदवलेला' की 'चाचणी पूर्ण केलेला', हे स्पष्ट करा. पट सप्टेंबरपर्यंत हलतो, न वापरलेले परवाने पुढच्या वर्षी वळते झाले पाहिजेत.

मुलांच्या माहितीबद्दल: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण (डीपीडीपी) कायदा, २०२३, कलम ९. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करायला मनाई, अशी तरतूद त्यात आहे. संमतीपत्र मराठीत आणि उर्दूत, एका पानाचं. करारात 'भागीदार संस्था' हे शब्द शोधा. त्याआड खासगी क्लासेस आणि महाविद्यालयांना मुलांचे नंबर जाण्याची वाट असते. ते कलम काढून टाकल्याशिवाय सही नको. मुदत संपल्यावर सगळी माहिती सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) शाळेला परत, आणि ९० दिवसांत पुसल्याचं लेखी पत्र. निधी देणाऱ्या कंपनीला फक्त एकूण आकडे, नावं नाहीत.

प्रशिक्षण 'एक वेबिनार' नको. सहा वर्गशिक्षकांना लॅबमध्ये दोन अर्धे दिवस, पहिला जूनमध्ये, दुसरा निकालाच्या आधीच्या आठवड्यात.

---

मानसमापन_पुणे

एक भर घालतो. समुपदेशक नसेल तर अहवाल मुलाच्या हाती नुसता देऊ नका. वर्गशिक्षक, मूल आणि पालक, तिघं १५ मिनिटं बसले पाहिजेत. १०वीची ११० मुलं धरली तर साडेसत्तावीस तास होतात. तीन शिक्षकांत वाटून, जानेवारीतले चार शनिवार. हे तास वेळापत्रकात आधी लिहा. ते बसत नसतील तर या वर्षी परवाना फक्त ९वीपुरता घ्या, आणि दहावीसाठी वर सांगितलेली तीन दारं, तारखा आणि कागदपत्रं यांचा एक तक्ता करून वर्गात लावा.

---

लॅब_धनकवडी

त्या तक्त्यात तारखा पेन्सिलीनं लिहा. प्रवेशाच्या फेऱ्यांना मुदतवाढ मिळत राहते, आणि छापील तारीख बघून मूल उशीर झाला समजून घरी बसतं.