सौंदर्य कालबाह्य होते का?

कलेने आता सुंदर असण्याची गरज उरलेली नाही, तिने केवळ अस्वस्थ करावे, हे म्हणणे मला अर्धेच पटते. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून प्रदर्शनासाठी पाठवले, त्यात धाडस होते; तोच धक्का शंभराव्यांदा दिला की त्याचा रिवाज होतो. अमूर्ताला, म्हणजे ओळखू येणारी आकृती नसलेल्या कलेला, माझा विरोध नाही; चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची चित्रे अमूर्त असूनही देखणीच आहेत.

मी ठाण्याचा, त्यामुळे अंबरनाथच्या शिवमंदिरात अधूनमधून जाणे होते. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा आहे. काळ्या दगडातले कित्येक चेहरे झिजून सपाट झाले आहेत, तरीही एखाद्या मूर्तीच्या कमरेचा बाक आणि त्यावर तिरप्या उन्हाने पडलेली सावली पाहताना, घडवणाऱ्याचा हेतू ठाऊक नसूनही, पाऊल अडतेच. (शेजारच्या वालधुनी नदीचा वास मात्र सोसावा लागतो.)

उलट आमच्या इमारतीच्या प्रवेशदालनात पाच वर्षांपूर्वी हौसेने लावलेले करड्या रंगाचे भित्तिशिल्प यंदा ‘जुनाट दिसते’ म्हणून उतरवले गेले, तेव्हा एकाही रहिवाशाला हळहळ वाटली नाही.