मज्जारज्जूला इजा झालेल्या रेसरसाठी मदत: सुरुवात कुठून?

प्रश्न: गटातल्या रेसरच्या कमरेखाली हालचाल नाही. निधी जमवतोय. आधी काय पाहायचं?

उत्तर १: आधी त्याची परवानगी घ्या. फोटो, रिपोर्ट परस्पर टाकू नका. वेगळं खातं, दोघांच्या सह्या, दर आठवड्याला हिशेब. हिशेब लांबला की कुजबुज सुरू होते.

उत्तर २: सगळं ऑपरेशनवर संपवू नका, खर्च पुढेच आहे. व्हीलचेअर अंगाच्या मापाची हवी. कुशनमध्ये काटकसर तर अजिबात नको: संवेदना नसल्याने एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम कळतच नाही. अंथरुणात साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते. 15 सेंमीच्या पायरीला निदान 180 सेंमी रॅम्प लागतो. लोक हमखास आखूड बांधतात.

प्रश्नकर्ता: मदतीला माणसं भरपूर आहेत.

उत्तर २: आत्ता आहेत! पुढच्या सहा महिन्यांत कोण कधी येणार, त्या पाळ्या आजच लिहून घ्या.