हाताला सूज (लिम्फेडेमा): दाब देणारी घट्ट बाही, म्हणजे स्लीव्ह, कोणती घेऊ?

कवडसा:
ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन १४ महिने झाले. काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, रेडिएशन. सगळं आटोपलं म्हणेपर्यंत गेले तीन आठवडे डावा हात जड. संध्याकाळी घड्याळाचा पट्टा रुततो, सकाळी बरा असतो. सर्जन म्हणाले, "लिम्फेडेमाची सुरुवात दिसतेय, स्लीव्ह घाला," तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा. ऑनलाइन स्मॉल-मीडियम-लार्ज मिळतात, त्यातली घेऊ का? सूज उतरायची गोळी चालते का? घरचे तर पाण्याची बाटलीही उचलू देत नाहीत.

निळी_शाई:
आधी टेप घे गं, स्लीव्ह नंतर. मनगटापासून दर १० सेंमीवर दोन्ही हातांचा घेर मोज, रोज एकाच वेळी. एखाद्या जागी २ सेंमी किंवा जास्त फरक असेल तर सहसा लिम्फेडेमा धरतात. (ज्या हाताने काम करतो तो मुळातच किंचित जाड असतो, तेही लक्षात घे.)

मी तुझ्यासारखीच अंदाजाने 'मीडियम' मागवली. दंडाला घट्ट, मनगटाला सैल. चार दिवसांत तळहाताची मागची बाजू टम्म फुगली, अंगठी साबण लावून काढावी लागली. मग लिम्फेडेमाचं खास प्रशिक्षण घेतलेली फिजिओ शोधली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, स्लीव्ह सूज उतरवत नाही, उतरलेली सूज धरून ठेवते. म्हणून आधी काही आठवडे हलक्या हाताचं लिम्फ ड्रेनेज (साचलेला द्रव पुढे सरकवणारा मसाज) आणि थरावर थर बँडेज, आणि हात उतरला की माप घेऊन स्लीव्ह. पंजा सुजत असेल तर ग्लोव्हही लागतो.

ते बँडेज म्हणजे मुरगळल्यावर बांधतो ते क्रेप नव्हे! हे कमी ताणलं जातं, त्यामुळे स्नायू हलले की आतून दाब बसतो आणि हात निवांत असला की आवळत नाही. मसाजही रगडून नाही. कातडी जेमतेम सरकेल इतकाच. मला तर पहिल्यांदा वाटलं, ही बाई काही करतच नाहीये.

स्लीव्ह दोन घे, एक धुण्यात एक अंगात. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग बदलायची.

पायवाट:
मी फिजिओ आहे. सूज नवीन आहे, तर रक्ताची गुठळी किंवा आजार परतलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. अचानक वाढली, दुखली, हात निळसर झाला तर त्याच दिवशी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात, म्हणून या सुजेवर त्यांचा उपयोग नाही.

आणि बाटली खुशाल उचला. २००९मध्ये लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांवरचा अभ्यास आला होता. त्यातल्या निम्म्या आठवड्यातून दोनदा, स्लीव्ह घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलत होत्या. त्यांची सूज वाढली नाही, उलट त्रास बळावण्याचे प्रसंग कमी झाले. घरच्यांना हे वाचून दाखवा.

अर्धविराम:
हात लाल, गरम आणि सोबत ताप म्हणजे सेल्युलायटिस (कातडीचा जंतुसंसर्ग). सकाळची वाट पाहू नका, अँटिबायोटिक लगेच लागतं. मला नखाजवळच्या कातडीच्या साध्या सालपटावरून झाला होता. तेव्हापासून भांडी घासताना हातमोजे, आणि झोपताना मॉइश्चरायझर.
बीपी, इंजेक्शन त्या हाताला अजिबात नको.

पायवाट:
@अर्धविराम, त्याने सूज येते असं नंतरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तो द्यावा, पण नाइलाज झाला म्हणून घाबरू नये.

अर्धविराम:
पटतंय. तरी मी दुसराच पुढे करणार.

कवडसा:
मोजलं. १० सेंमीवर १ चा फरक, २० सेंमीवर अडीच. आणि मी उजखोरी, म्हणजे खरा फरक याहून जास्तच. फिजिओची वेळ गुरुवारची मिळालीय, कार्टमधली 'मीडियम' काढून टाकली.
एक बावळट प्रश्न: स्लीव्ह रात्री काढायची ना?

निळी_शाई:
हो गं, दिवसाची स्लीव्ह रात्री काढायची. रात्रीसाठी काही लागलंच तर फिजिओ वेगळं देईल. गुरुवारी आकड्यांची वही घेऊन जा.