मदत हवी आहे: मोठ्या गॅपनंतर अकाउंट्सच्या नोकरीसाठी रेझ्युमे, काय ठेवू आणि काय काढू?

शेवंती

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहते. बी.कॉम. २००९ चं. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत २०१० ते २०१६ अकाउंट्सला होते. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण निघालं आणि नोकरी सोडली. आता परत कामाला लागायचं आहे. सातपूर-अंबडकडच्याच कंपन्या बघते आहे, एखाद्या सीएंच्या ऑफिसातही चालेल.

अर्ज बरेच टाकले, पण फोन काही येत नाही. म्हणून रेझ्युमे इथे मांडते. मूळ इंग्रजीत आहे, घराजवळच्या सायबर कॅफेत करून घेतला. वर मधोमध फोटो. खाली करिअर ऑब्जेक्टिव्ह, "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" वगैरे चार ओळी. मग वैयक्तिक माहिती: पूर्ण नाव, यजमानांचं नाव व व्यवसाय, जन्मतारीख, जात, आधार आणि पॅन नंबर, पूर्ण पत्ता. मग शिक्षणाचा तक्ता: दहावी, बारावी, बी.कॉम., एमएस-सीआयटी, टायपिंग ३० व ४०. मग अनुभव: "अकाउंट्स असिस्टंट, २०१०-२०१६. रोजचे अकाउंटिंगचे काम, व्हॅट, टॅली ९." छंद वाचन आणि रांगोळी. शेवटी "वरील माहिती खरी आहे" आणि सही. दोन पानं भरतात.

गॅपचं काय करू? एकांनी सुचवलं, २०१६ काढून "टिल डेट" टाक, कोण बघतंय. फोटो, जन्मतारीख ठेवायची का? आणि सर्टिफिकेटांवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, तर वर कुठलं लिहू?

ओसरी

ताई, छंदातल्या रांगोळीने कुणाचं काही बिघडत नाही. जात, यजमानांचा व्यवसाय, आधार, पॅन मात्र आजच्या आज काढा. लग्नाच्या बायोडेटासारखं झालंय, पत्रिका तेवढी जोडायची राहिली.

कडक_चहा

आधार-पॅनबद्दल अनुमोदन. पोर्टलवर टाकलेला रेझ्युमे कोण कोण उतरवून घेतं त्याचा पत्ता लागत नाही. मग "तुमचं सिलेक्शन झालं, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" असे फोन येतात, आणि बोलणाऱ्याला नाव, पत्ता, आधार सगळं पाठ असलं की माणूस फसतो. ही कागदपत्रं ऑफर लेटर आल्यावर, जॉइनिंगच्या वेळी द्यायची. पत्ताही "इंदिरानगर, नाशिक" इतपत पुरे. येण्या-जाण्याचं जमेल का, एवढंच कंपनीला बघायचं असतं.

फोटोबद्दल माझं मत वेगळं आहे. ठेवला तर ठेवला, आपल्याकडे कुणी त्यावरून अर्ज टाकून देत नाही.

मस्कतकर

इकडे आखातात फोटो, राष्ट्रीयत्व, व्हिसाचा प्रकार हे सगळं लिहितातच, आणि इकडचीच नेटवरची टेम्प्लेटं आपले लोक जशीच्या तशी उचलतात. अमेरिकेत फोटो टाकतच नाहीत. नाशिकच्या कारखान्यात अकाउंट्ससाठी त्याची गरज काय? काढा, तेवढी जागा मोकळी होईल.

ताळेबंद

मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. आमच्याकडे माणूस घ्यायचा असला की पहिली चाळणी मीच लावतो. म्हणून जरा लांब लिहितो, आणि थोडं कडू.

गॅप दिसला म्हणून मी अर्ज बाजूला ठेवत नाही. पहिल्या अर्ध्या पानात काही कळलं नाही तर ठेवतो. तुमच्या पहिल्या अर्ध्या पानात फोटो आहे, चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट आहे आणि यजमान आहेत. मला जे हवंय ते दुसऱ्या पानावर, एका ओळीत.

ती ओळही काही बोलत नाही. "रोजचे अकाउंटिंग" म्हणजे नुसती व्हाउचर एंट्री, की बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) तुम्ही करत होतात? पार्ट्यांची लेजर जुळवणं, बॅलन्स कन्फर्मेशन मागवणं कुणाकडे होतं? टीडीएसचं चलन कोण भरायचं? पगारपत्रक, पीएफ? ऑडिटच्या वेळी सीएंच्या ऑफिसातून येणाऱ्या मुलांना कागद काढून कोण द्यायचं? महिन्याला बिलं साधारण किती, बँक खाती किती? यातलं निम्मं जरी लिहिलंत तरी मी फोन लावेन.

गॅपपेक्षा मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही २०१६ ला सोडलं आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. रेझ्युमेत व्हॅट आहे, जीएसटी हा शब्दच नाही. वाचणारा तिथेच थांबतो. मधल्या काळात आमचं रोजचं काम पार बदललं. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) आहेतच. २०२० पासून २बी आलं, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचं पत्रक, आता खरेदी रजिस्टर त्याच्याशी जुळलं नाही की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं आणि मालक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आधी फक्त बड्या कंपन्यांना होतं, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांनाही आलं, म्हणजे आमच्यासारखे बरेच कारखाने त्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम) आहे, तिथे सप्लायरचं एकेक बिल स्वीकारायचं की नाकारायचं ते ठरवता येतं. टॅलीचंही तेच. २०२० च्या शेवटी टॅलीप्राइम आलं, आणि नुसतं "टॅली ९" वाचलं की उमेदवार त्याच्याही आधी थांबला असं वाटतं. यातलं काही कुठेही केलं असेल तर ते वर आणा. केलं नसेल तर आधी शिका. शब्द कितीही घोटले तरी मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

"टिल डेट" चुकूनही नको. पीएफ कापला जात असेल तर तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असणार, आणि नोकरी सोडल्याची तारीख त्या खात्यात असते. जॉइनिंगला आम्ही तोच यूएएन घेतो. तिथे २०१६ निघालं तर पुढचं बोलणं फार लाजिरवाणं होतं, तुम्हालाही आणि मलाही. गॅपसाठी एकच ओळ लिहा: "२०१६ पासून कौटुंबिक कारणाने नोकरीत खंड." सासूबाईंचं आजारपण कागदावर नको, विचारलं तर तोंडी सांगा.

तांबडा_पांढरा

फाइलबद्दल कुणीच बोललं नाही. सायबर कॅफेवाल्याने काय दिलंय ते आधी तपासा. प्रिंट काढून, सही करून, स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ते नुसतं चित्र आहे, पोर्टलच्या शोधात त्यातला "टॅली" हा शब्द सापडेलच याची खात्री नाही. सोपी परीक्षा अशी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही, किंवा तक्त्यातली वर्षं एकीकडे आणि कॉलेजं दुसरीकडे पडली, तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसतं. तक्ते, दोन रकाने, चौकटी काढा. साध्या ओळी लिहा. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये घालू नका, काही सॉफ्टवेअरं हेडर वाचतच नाहीत.

कॅफेतल्या फाइलींचा आणखी एक घोळ असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचीच फाइल पुढे वापरतात. शेवटी "स्थळ: सिन्नर" राहिलेलं असतं आणि उमेदवार असतो देवळालीचा. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नावही तिसऱ्याच कुणाचं. नवी कोरी फाइल घ्या आणि स्वतः टाइप करा, टायपिंग ४० झालंय ना तुमचं!

शेवंती

ताळेबंद, कडू लागलं नाही. उलट आत्तापर्यंत कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं.

कॉपी-पेस्ट करून पाहिलं. नोटपॅड कोरं.

जुन्या कंपनीत बँक रिकन्सिलिएशन माझ्याकडे होतं, दोन खाती. महिन्याला तीनशेच्या आसपास खरेदीची बिलं. सी फॉर्म (जीएसटीआधी परराज्यातल्या गिऱ्हाइकांकडून कमी दराच्या विक्रीकरासाठी घ्यायचा फॉर्म) गोळा करणं पूर्ण माझ्याकडे. टीडीएसचं साहेब बघायचे, मी फक्त आकडे काढून द्यायचे.

आणि मधल्या काळात अगदी बसून नव्हते. दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याचं टॅली २०१९ पासून मी करते, आता प्राइमवरच. जीएसटीआर-१ चा डेटा सीएंना मी पाठवते, २बी उतरवून खरेदीशी जुळवते. शिवाय आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, ८४ फ्लॅट. पण पगार नाही, अपॉइंटमेंट लेटर नाही. घरचं काम रेझ्युमेत कसं लिहायचं?

ओसरी

अहो ताई!! रांगोळी लिहिलीत आणि हे राहिलं?

ताळेबंद

हे सगळ्यात वर. असं लिहा: "अकाउंट्स, अर्धवेळ, कौटुंबिक व्यवसाय (हार्डवेअर दुकान), नाशिक, २०१९ पासून." "कौटुंबिक" हा शब्द गाळू नका, म्हणजे पुढे कुणी पगाराची स्लिप मागणार नाही. खाली तीन ओळी: टॅलीप्राइमवर खरेदी-विक्रीच्या नोंदी, जीएसटीआर-१ चा डेटा तयार करणे, २बी आणि खरेदी रजिस्टर जुळवणे. रिटर्न "भरते" असं लिहू नका, ते सीए भरतात. मी मुलाखतीत हाच प्रश्न विचारेन.

सोसायटीचंही लिहा. ८४ फ्लॅटची मेंटेनन्सची बिलं, थकबाकीचा पाठपुरावा, ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत हिशेब मांडणं हे सोपं काम नाही. सभासदांसमोर हिशेबाची उत्तरं दिलेल्या बाईंना आमचे सप्लायर घाबरवू शकत नाहीत.

मग गॅपची ओळ बदला: "पूर्णवेळ नोकरीत खंड." त्याखाली जुनी कंपनी, दोन खाती, तीनशे बिलं. टीडीएसला "आकडे काढणे" एवढंच. व्हॅट आणि सी फॉर्म काढू नका, एका ओळीत ठेवा. गिऱ्हाइकांच्या मागे लागून सी फॉर्म मिळवलेला माणूस वसुलीचे फोन करू शकतो, हे जुन्या लोकांना कळतं. करिअर ऑब्जेक्टिव्ह गेलं. "वरील माहिती खरी आहे" ठेवा नाहीतर काढा, मी तिथपर्यंत वाचत नाही. एका पानात बसेल.

जाईजुई

नावाचं राहिलं. वर आधार आणि पॅनवर जे आहे तेच, कारण पगार आणि पीएफ त्याच नावाने होणार. माहेरचं नाव रेझ्युमेत लिहायची गरज नाही. विवाह नोंदणीचा दाखला, किंवा नाव गॅझेटमध्ये बदललं असेल तर त्याची प्रत, सर्टिफिकेटांबरोबर फाइलीत ठेवा. जुन्या यूएएनवर कुठलं नाव आहे तेही आत्ताच बघून घ्या, दुरुस्तीला वेळ लागतो.

बी.कॉम. २००९ चं म्हणजे पदवीवर "पुणे विद्यापीठ" असेल. सावित्रीबाई फुले हे नाव २०१४ ला लागलं. पदवीवर आहे तसंच लिहिलं तरी चालतं. जन्मतारीख मी काढली असती. पदवीच्या वर्षावरून अंदाज येतोच.

कडक_चहा

एक विचारायचं राहिलं. रेझ्युमेवर फोन नंबर कुणाचा आहे?

शेवंती

दोन आहेत. पहिला ह्यांचा, दुसरा माझा. ईमेल ह्यांचाच.

कडक_चहा

आणि यजमान कामावर असताना फोन उचलतात?

शेवंती

शॉप फ्लोअरवर असतात. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. अरे देवा.

ताळेबंद

पहिला नंबर लागला नाही की मी पुढच्या अर्जाकडे वळतो, दुसरा लावत बसत नाही. एकच नंबर ठेवा, तुमचा. ईमेल नावाचा नवा काढा. आणि नुसती फाइल बदलून भागणार नाही. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये नंबर वेगळा भरलेला असतो, आम्हाला आधी तो दिसतो. तिथेही बदला, आणि लँडलाइनवरून आलेला अनोळखी फोन उचलत चला. आमच्या ऑफिसातून तसाच येतो.