बाई, तुम्ही आधी 'त्रे' म्हणालात ना?

खडूवाली_बाई
जिल्हा परिषद शाळेत २६ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. मूल चुकलं की आधी विचारायचं, "कसं केलंस?" लाल रेघ नंतर. माझं सगळं शिकवणं एवढ्यावर उभं आहे.

परवा एका मुलीला त्रेपन्न लिहायला सांगितलं. तिनं पाटीवर आधी तीन काढला, त्याच्यापुढे पाच. ३५. विचारलं तर म्हणाली, "बाई, तुम्ही आधी त्रे म्हणालात ना?" पोरीनं ऐकलं तसं लिहिलं होतं. शेजारच्यानं एकोणसाठचे ६९ केले, त्याला 'साठ' ऐकू आलं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'पन्नास तीन' असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढी टिंगल झाली तेव्हा! मला मात्र हायसं वाटलं होतं. मी आजही तसंच शिकवते. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, तीन सुट्या, पन्नास तीन. ते बोटात बसलं की सांगते, यालाच त्रेपन्न म्हणतात.

हिशेबाची_वही
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. आमचं किराणा दुकान. वडिलांनी पावकी, दीडकी, औटकी (पाव, दीड, साडेतीनचे पाढे) घोकून घेतली. औटकीत सात म्हटलं की साडेचोवीस तोंडावर तयार. अर्थ पुढे कळला, काही बिघडलं नाही. सहा-सात वर्षांच्या वयात पाठांतर जितकं पक्कं बसतं तितकं पुढे बसत नाही, ते वय वाया का घालवायचं?

आणि दुकानात कोणी 'वीस सात रुपये द्या' म्हणत नाही. इंग्रजी शाळेतलं पोर 'ट्वेंटी सेव्हन' म्हणून सुटेल. तुमचं झेडपीचं पोर बाजारात सत्तावीस ऐकून गांगरेल. नुकसान गरिबाचंच.

सीमाभाग
आमच्या गावात अर्धी घरं कानडी. त्यांचं 'इप्पत्तोंदु' म्हणजे सरळ वीस-एक. ती पोरं मराठी वर्गात आली की एकवीसला अडखळतात. बाईंची पद्धत त्यांना लगेच कळेल. पण जोडाक्षरं अवघड म्हणून नावं बदला, हा तेव्हा मांडलेला मुद्दा मला मान्य नाही. त्रेसष्ट म्हणताना जीभ वळते, ती वळायलाच हवी.

राइनकाठ
जर्मनीत राहतो. इथेही एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतात आणि मुलं अंक उलटे लिहितात. माझ्या मुलानं पहिली दोन वर्षं तेच केलं. 'वीस-एक' म्हणावं असं सांगणारी संघटनाही इथे आहे, पण भाषा बदललेली नाही. नॉर्वेनं मात्र १९५१ साली सरकारी निर्णयानं बदल केला. तरी बोलताना जुनी पद्धत तिथे अजून ऐकू येते. म्हणजे पुस्तकानं काही मोडत नाही, फार घाबरू नये.

खडूवाली_बाई
हिशेबाची_वही, बाजाराचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी त्रेपन्न सोडत नाही, फक्त मागाहून आणते. पाढ्यांना माझा विरोध नाही, रोज शाळा सुटताना म्हणून घेते. पण तुम्हाला अर्थ पुढे कळला, कारण रोज दुकानात बसायला मिळालं. ज्याच्या घरी दुकान नाही, त्याला तो कुठे कळणार? पाचवीत आलेली पोरं मी पाहिली आहेत, तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ आणि ६२ मधल्या सहाची किंमत विचारली की उत्तर 'सहा'.

हिशेबाची_वही
सहाचं उत्तर वाईट आहे, ते मान्य. पण दोष घोकण्याचा नाही, घोकून घेऊन तिथेच सोडून देणाऱ्याचा आहे. माझी नात यंदा दुसरीत आहे. घरी मी तिच्याशी सत्त्याऐंशीच म्हणणार.

खडूवाली_बाई
म्हणाच. फक्त तिनं ७८ लिहिलं तर ओरडू नका. तिला सात आधी ऐकू आलंय.