लेबलवर दोन कौन्सिलची दोन मतं

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांची एक तक्रार असते की इंग्लंडात एका कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाल्याने, म्हणजे लेबलं वगैरे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, पास केलेल्या लेबलवर दुसऱ्या कौन्सिलचा माणूस बोट ठेवतो, आणि धंदेवाल्याने कुणाकुणाचं ऐकायचं. त्रास खरा आहे, पण त्यावर तिथे सोय आहे आणि छोट्या लोकांना ती माहीतच नसते. प्रायमरी ऑथॉरिटी म्हणतात तिला, २००८ च्या कायद्यातली. तुम्ही एका कौन्सिलशी करार करायचा, तिने दिलेला लेखी सल्ला बाकीच्यांनी मानायचा. दुसऱ्या कौन्सिलला कारवाई करायची असेल तर आधी तुमच्या करारातल्या कौन्सिलला कळवावं लागतं, पाच कामकाजाच्या दिवसांत ती ही कारवाई थांबवू शकते, जर तुम्ही तिच्याच सल्ल्याने वागला असाल तर. ग्राहकाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र आधी कारवाई, कळवणं नंतर, आणि ते बरोबरच आहे म्हणा.

२०१७ पासून हे अगदी नव्या छोट्या धंद्यालाही खुलं झालं, व्यापारी संघटनेमार्फतही घेता येतं. फुकट नाही, कौन्सिल वेळेचे पैसे लावते, म्हणून फक्त दिवाळीपुरता फराळ विकणाऱ्याला एकट्याने परवडेलच असं नाही. पण सल्ला कामाचा असतो. उदाहरणार्थ, चिवड्याच्या लेबलवर शेंगदाणे, तीळ, मोहरी हे अ‍ॅलर्जीचे पदार्थ म्हणून सगळे ठळक करतात, आणि हिंग नुसता 'हिंग' लिहून सोडतात. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, तो गहूसुद्धा ठळक दिसला पाहिजे.