नऊ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू क्रेटमध्ये सू करतं, रात्री रडतं

हिरवा_चाफा

नऊ आठवड्यांची लॅब्रॅडॉर मादी घरी आणली आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. ४२ इंची घडीचा जाळीचा क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) घेतलाय, खाली प्लास्टिकचा ट्रे. हॉलमध्ये ठेवलाय, आत जाड गोधडी. रात्री अकराला आत ठेवून दार लावलं की रडत राहते. सकाळी सहाला बघावं तर एका टोकाला सू आणि दुसऱ्या टोकाला ती मस्त कोरडी झोपलेली. शेवटचं जेवण रात्री दहाला देतो. क्रेटसोबत एक सुटी जाळी आलीये, ती कुठे लावायची कळत नाही. शेजारच्यांनी आवाजाबद्दल विचारून झालंय, आणि सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला कोंडता कशाला. पुढच्या महिन्यापासून १० ते २ त्या एकट्याच घरी असतील आणि गुडघ्यांमुळे त्यांना पिल्लाला घेऊन खाली जाता येणार नाही. काय चुकतंय?

बाभूळबन

ती सुटी जाळी म्हणजे पार्टिशन, ती आजच लावा. ४२ इंच हे माप मोठ्या झालेल्या लॅबसाठी बरोबर आहे, पण पिल्लाला एवढी जागा मिळाली की एक टोक संडास आणि दुसरं टोक बेडरूम होते. झोपायची जागा घाण करायची नाही ही ओढ पिल्लात असते आणि क्रेट चालतो तो तिच्याच जोरावर. तिला डोकं न टेकवता उभं राहता यावं, गोल फिरता यावं आणि कुशीवर पाय पसरून झोपता यावं, इतकीच जागा मोकळी ठेवा. सध्या साधारण २० ते २२ इंच पुरतील. पार्टिशनचे हूक आडव्या सळ्यांत नीट बसलेत ना ते हलवून बघा, खालच्या फटीत पंजा अडकत नाही ना तेही. लॅब भराभर वाढतात, म्हणून दर दोनेक आठवड्यांनी जाळी मागे सरकवा.

गोधडी काढा. कापूस सू शोषून घेतो, पिल्लू कोरडंच राहतं, मग थांबायचं कशाला? शिवाय शिवण उसवून कापूस गिळला तर आतड्यात अडकतो. जुन्या सुती चादरीची एक घडी भरपूर झाली. तीही चावायला लागली तर नुसता ट्रे ठेवा.

आता वेळेचं गणित. वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास पिल्लू फार तर थांबू शकतं. तुमचं दोन महिन्यांचं, म्हणजे तीन तास. झोपेत थोडं जास्त. अकरा ते सहा हे सात तास तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत. शेवटचं जेवण साडेसात-आठपर्यंत संपवा, झोपण्याआधी अकराला सू, मग अडीचला आणि साडेपाचला गजर. ती रडायच्या आत तुम्ही उठायचं. सलग काही रात्री क्रेट कोरडा राहिला की गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकला. पाणी दिवसा कधीही तोडू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. फक्त झोपायच्या तासभर आधी वाटी उचला.

सू झालेली जागा फिनेलने पुसू नका. आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, तिला येतच राहतो, आणि पंजे चाटताना फिनेल पोटात जातं ते वेगळंच. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून १०-१५ मिनिटं राहू द्या, मग टिपा. ट्रे बाहेर काढून खालची फरशी आणि ट्रेच्या कडेची खाचही पुसा. वास तिथेच दबा धरून बसतो.

ओसरी

वरचं सगळं मान्य, पण मूळ अडचण दाराची दिसते. क्रेटची ओळख रात्री आणि तीही दार लावूनच झाली, तर पिल्लू रडणारच. ओळख दिवसा करून द्या, पोट रिकामं असताना आणि सू झाल्यानंतर.

दार उघडं ठेवून हुकाला दोरीने बांधा. आपोआप हललं आणि अंगाला लागलं तर पुढचे काही दिवस ती जवळ फिरकणार नाही. पहिल्यांदा दोन-चार दाणे उंबऱ्यावर टाका, मग एक वीत आत, मग मागच्या भिंतीशी. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली तर येऊ द्या. ढकलायचं नाही, उचलून आत ठेवायचं नाही. मागचे दोन्ही पाय न कचरता आत जायला लागले की जेवणाची वाटीच मागच्या टोकाला ठेवा. जेवताना दार हळूच लोटा आणि वाटी रिकामी व्हायच्या आत उघडा. हे ‘आत’ महत्त्वाचं आहे. तिने बाहेर यायला मागायच्या आधी दार उघडलं पाहिजे. पुढे जेवणानंतर एक मिनिट, तीन, पाच, दहा असं वाढवा. दहा मिनिटं शांत बसली की तुम्ही खोलीबाहेर जाऊन परत या. कुठे अडखळली तर दोन पायऱ्या मागे. काही पिल्लांना चार दिवस पुरतात, काहींना तीन आठवडे लागतात.

आत काहीतरी चाटायला द्या. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून फ्रीझरमध्ये गोठवा. चाटता चाटता पिल्लू पेंगतं. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट अजिबात नको. आणि दंगा केला म्हणून शिक्षा द्यायला क्रेट वापरलात, तर ही सगळी मेहनत वाया जाईल.

रानजाई

शेजाऱ्यांसाठी सगळ्यात लवकर लागू पडणारा उपाय म्हणजे क्रेट हॉलमधून उचलून तुमच्या पलंगाशेजारी आणणं. कालपर्यंत ती भावंडांच्या ढिगात झोपत होती. तुमच्या श्वासाचा आवाज, जाळीतून आत सोडलेली दोन बोटं, एवढ्यावर बरीच पिल्लं गप्प होतात. पुढे रोज फूटभर सरकवत हवं तिथे नेता येतो. तीन बाजूंनी सुती चादर टाका, समोरची बाजू आणि वरचा भाग उघडा, पंख्याचा वारा आत पोचला पाहिजे. बाल्कनीत क्रेट नको: दुपारचं ऊन, पावसाळ्यात ओल आणि तारेला गंज.

रडणं कान देऊन ऐका. दार लावल्यावरची कुईकुई चढ-उतार होत दहा मिनिटांत विरत असेल तर थांबा. झोपून उठून अचानक रडली तर सू आली आहे असं समजा. दिवा न लावता, न बोलता उचलून न्या, सू झाली की शाबासकी, परत आत. खेळ नाही. उचलूनच न्या, चालवत नेलं तर लिफ्टच्या दारातच होईल. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री येतात त्या मातीत उतरवू नका, पार्व्होचा (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार) धोका खरा आहे. तोवर बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवा.

बाभूळबन

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, ते सोडून देऊ नका. स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात बंद पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. रात्रीची झोप आणि दिवसाच्या छोट्या डुलक्या सोडून क्रेट वापरायचा नसतो. लाळेने छाती ओली होणं, तारा चावून हिरड्यांतून रक्त येणं, नखं तुटणं, समोरच्या आवडत्या खाऊलाही तोंड न लावणं, ही भीतीची लक्षणं आहेत, हट्टाची नव्हेत. यातलं एकही दिसलं तर दार लावणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांशी बोला.

पार्टिशन लावूनही ती स्वतःच्या सूमध्येच झोपत असेल तर दोन शक्यता. एक, मूत्रमार्गाचा संसर्ग. मादी पिल्लांत हे बऱ्यापैकी दिसतं, सूची तपासणी करून घ्या. दुसरी, ब्रीडरकडे घाणेरड्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे झोपायची जागा कोरडी ठेवायची ओढच बोथट झालेली असते. अशा पिल्लाला क्रेटने सूची शिस्त लागत नाही. दर तासाला बाहेर नेऊनच लावावी लागते.

हिरवा_चाफा

पार्टिशन लावलं, गोधडी काढली. १० ते २ चं काय करू? चार तास क्रेटमध्ये नकोच ना?

ओसरी

नकोच. घडीचं कुंपण मिळतं, आठ पानांचं, निदान ३० इंच उंच. हॉलच्या कोपऱ्यात ते लावा, आत एका बाजूला दार बांधून उघडा ठेवलेला क्रेट, समोरच्या टोकाला गवताचा ट्रे, मधे जड बुडाची पाण्याची वाटी. बाराचं जेवण सासूबाईंनी कुंपणावरूनच क्रेटच्या तोंडाशी टाकायचं, वाकायचं कामच नाही. खाली रबरी मॅट पसरा. गुळगुळीत फरशीवर लॅबचे मागचे पाय सारखे फाकतात आणि खुब्यांना ते चांगलं नाही. आणि क्रेटमध्ये किंवा कुंपणात ठेवताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा, त्याची कडी तारेत अडकून फास बसू शकतो.